कुर्ल्याची गाडी

गेल्या उन्हाळ्यात एका शनिवारी भर दुपारी मी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, जुन्या सुट्या भागांच्या एका दुकानात उभी होते. माझ्या गाडीच्या डाव्या दाराची काच वर घेताना करकरत अर्ध्यावर अडकू लागली होती आणि ग्लास मशीन बदलण्यावाचून इलाज नाही, असे आमच्या मिस्त्रीकाकांनी सांगितले होते. दुकानाच्या मालकांनी पोऱ्याला माळ्यावर चढवले. त्याने वरून एकेक मशीन खाली द्यायला सुरुवात केली आणि त्यातली एकही माझ्या गाडीची नाही, हे मालकांनी हातात घेण्याआधीच ओळखले. मग ते मला दुकानाच्या मागच्या बाजूला घेऊन गेले. तिथे पत्र्याच्या शेडखाली, चाके काढून विटांवर टेकवलेली एक निळी फियाट पॅलिओ होती, माझ्याकडे आहे तेच मॉडेल. माझ्या गाडीचा निळा तोच. बॉनेट गेले होते, पुढचे दिवे गेले होते, इंजिनाच्या जागी कापलेल्या वायरींचे झुपके लोंबत होते. पण मागच्या काचेवर वाशीच्या कुठल्याशा सोसायटीचा पार्किंगचा स्टिकर अजून शाबूत होता आणि चालकाच्या दाराच्या खिशात टोलची एक पावती होती, शाई पूर्ण उडालेली. पोऱ्याने दाराचे आतले पॅड उचकटले, बोल्ट सोडवले आणि मशीन काढून माझ्या हातात ठेवली. पैसे घेताना मालक म्हणाले, की आणखी जे काही लागेलसे वाटते ते आजच घेऊन ठेवा. पॅलिओ आता येत नाहीत, आणि उद्या आलीच तरी तिचे सामान ओळखणारे कोणी दुकानात असेलच असे नाही, कारण त्यांच्या मुलांपैकी कोणीही या धंद्यात बसणार नाही.

मी दाराच्या बाहेरच्या मुठी घेतल्या, मीटरचा पूर्ण संच घेतला, मागच्या वायपरची मोटर घेतली आणि एका आरशाचे कवच घेतले. हे सगळे वर्तमानपत्रात गुंडाळून मुलुंडला घरी आणले, पुसून, पिशव्यांवर नावे लिहून दिवाणाच्या पोटात ठेवून दिले. मनासारखे सामान मिळाल्याचा आनंद झाला होता. वायपरची मोटर बॅटरीला जोडून पाहिली तेव्हा ती गुरगुरत फिरली आणि मी एकटीच हसले, हेही खरे. परंतु त्यानंतर कितीतरी दिवस ‘ओळखणारे कोणी असेलच असे नाही’ हे शब्द डोक्यातून जाईनात. माझी गाडी किती वर्षे चालेल हा प्रश्न मी आजवर लोखंडाला, रबराला आणि माझ्या बँकेच्या पासबुकाला विचारत आले होते. त्या दुपारी तो पहिल्यांदा माणसांना विचारावासा वाटला, आणि मग डोळ्यांपुढे जे चेहरे आले ते सगळे साठीच्या पुढचे होते.

गाडी २००२ ची आहे. फियाट पॅलिओ, सोळाशे सीसीचे सोळा व्हॉल्व्हचे इंजिन, शंभराच्या आसपास अश्वशक्ती. त्या काळात छोट्या गाडीला साठ अश्वशक्ती असली तरी ती चपळ म्हणवली जाई, हे ज्यांना आठवते त्यांना या आकड्याचे मोल वेगळे सांगायला नको. सचिनच्या जाहिराती घराघरांत पोहोचलेल्या होत्या आणि त्याची सही मिरवणारी पॅलिओसुद्धा निघाली होती. माझ्याकडे ती नव्हती. माझ्या गाडीवर कुणाचीच सही नाही. पण मला ती घ्यावीशी वाटण्याचे कारण सचिनही नव्हता आणि इंजिनही नव्हते. माझे मामा कुर्ल्याच्या कारखान्यात रंगखात्यात होते. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली उभी केलेली प्रीमिअर ऑटोमोबाइल्स, तिथून निघालेल्या फियाट आणि नंतरच्या पद्मिनी, एलबीएस मार्गावरचे ते लांबलचक कुंपण, पाळी सुटल्यावर स्टेशनाकडे वाहणारी माणसांची रांग, हे सगळे माझ्या लहानपणी मामांच्या डब्याइतकेच रोजचे होते. मामा घरी आले की त्यांच्या शर्टाला थिनरचा वास येई. पुढे पॅलिओही त्याच कुर्ल्यात बनू लागली, तेव्हा मामा निवृत्त झालेले होते. मी गाडी घरी आणली त्या संध्याकाळी त्यांनी पेढा तसाच हातात धरून गाडीभोवती एक फेरी मारली, दाराच्या कडेवरून बोट फिरवले, बोनेटच्या आतल्या बाजूचा रंग पाहिला आणि ‘हात बसलेला आहे’ एवढेच म्हणाले. माझ्या माहितीत त्यांनी कोणत्याही गाडीला दिलेली ती एकमेव शाबासकी.

पॅलिओचा जन्म खरे तर कुर्ल्याचा नव्हे. ब्राझीलमध्ये १९९६ साली ती पहिल्यांदा रस्त्यावर आली, इटलीचे गाडीरचनाकार जॉर्जेत्तो जुजारो यांच्या हाताने तिचा चेहरा नव्याने घडला आणि २००१ मध्ये ती आपल्याकडे पोहोचली. नंतरच्या काळात फियाटचे उत्पादन पुण्याजवळ रांजणगावला गेले आणि कुर्ल्याचा तो परिसर उंच इमारतींनी भरून गेला. मी मात्र आजही एलबीएस मार्गाने दक्षिणेकडे जाताना त्या पट्ट्यात आले, की मनातल्या मनात तिला सांगते, की हे तुझे गाव. ज्या रस्त्याच्या कडेला ती बनली, त्याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला तिचे आयुष्य चालले आहे, ही गोष्ट मुंबईत आता किती गाड्यांबद्दल सांगता येईल?

तिला चालवणे हे काय आहे, हे सांगण्यासाठी शहर सोडावे लागते. मुलुंड ते कुर्ला या अंतरात तिच्यातले काहीही कळत नाही. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सांभाळत ती इतरांसारखीच सरपटते आणि पेट्रोल मात्र इतरांपेक्षा जास्त पिते. पण जूनमध्ये पहिले दोन-चार पाऊस पडून गेले, की एखाद्या रविवारी पहाटे, कल्याण-मुरबाड ओलांडून टोकावड्याच्या पुढे माळशेजचा चढ सुरू होतो, तिथे ती खरी भेटते. स्टिअरिंग जुन्या पद्धतीचे, तेलाच्या दाबावर चालणारे आहे. हलके नाही, पण त्यातून रस्ता हाताला लागतो. डांबर ओले आहे की कोरडे, पुढच्या उजव्या चाकाखाली खडी आली का, वळणावर गाडीचे वजन कुठल्या खांद्यावर गेले, हे तळहातांना डोळ्यांच्या आधी कळते. तिसऱ्या गिअरमध्ये चढावर इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा साडेतीन हजारांच्या पुढे सरकला, की इंजिनाचा आवाज घशातून छातीत उतरतो आणि तोवर शांत असलेली गाडी एकदम पुढे झेपावते. वेग फार नसतो. पन्नास-साठच्या वर त्या घाटात कोणी शहाण्या माणसाने जाऊही नये. पण त्या पन्नासातही आपण आणि गाडी मिळून काहीतरी करतो आहोत, ही जाणीव अंगभर असते. अलीकडच्या गाड्या मी चालवल्या आहेत. माझ्या मुलाकडे त्यातली एक आहे. ती शांत आहे, सुरक्षित आहे, तिला सहा एअरबॅग आहेत आणि आईला दवाखान्यात न्यायचे असते तेव्हा मी तीच मागून घेते. तिच्यात बसून घाट चढले तर घाट चढल्याचे कळत नाही. यात तिचा दोष काहीच नाही, तिला तेच करायला सांगितलेले आहे. पण मला घाट चढल्याचे कळायला हवे असते.

मुंबईत जुनी गाडी ठेवणे म्हणजे मुख्यतः पाण्याशी झगडणे. खारी हवा वर्षभर असते आणि चार महिने पाऊस असतो. पत्र्याला दोन्हींचा मारा सोसावा लागतो. लोक वरचा रंग पाहतात, पॉलिश करतात, कव्हर घालतात. गंज मात्र खालून आणि आतून येतो. प्रत्येक दाराच्या खालच्या काठाला करंगळी शिरणार नाही एवढ्या बारीक फटी ठेवलेल्या असतात. काचेवरून आत झिरपलेले पाणी त्यांतून निघून जावे, अशी ती योजना आहे. आमच्या सोसायटीत गाडीच्या डोक्यावर गुलमोहर आहे. मे महिन्यात त्याच्या पाकळ्या आणि बारीक पाने काचेच्या पायथ्याशी साचतात, कुजतात, दारात उतरतात आणि त्या फटी बुजवतात. मग दाराच्या पोटात पाणी उभे राहते आणि पत्रा आतून खायला लागतो. वर रंगाला पहिला फोड येतो तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून दर मेच्या शेवटी मी खराट्याची एक काडी घेऊन खाली बसते आणि एकेक फट मोकळी करते. काडी आत जाते, मऊसर काहीतरी लागते, थोडी फिरवली की चहाच्या गाळासारखे तपकिरी पाणी बोटांवरून मनगटापर्यंत ओघळते आणि त्याला ओल्या मातीचा आणि लोखंडाचा असा मिसळलेला वास येतो. पाणी स्वच्छ येईपर्यंत वरून मग्ग्याने पाणी सोडत राहायचे. चारही दारे, डिकीचे झाकण, वायपरखालची पन्हळ, असे सगळे उरकायला अख्खी सकाळ जाते. मला वर्षातली ती सकाळ आवडते. गाडीत वर्षभरात काय झाले हे तेव्हा कळते: कुठले रबर कडक झाले, कुठल्या स्क्रूला लाली चढली, कुठे उंदराने वायरीवर दात चालवून पाहिले.

हे काडीचे काम मला मिस्त्रीकाकांनी शिकवले.

काका मूळचे कणकवलीकडचे. भांडुपला एलबीएस मार्गापासून आत एका गल्लीत त्यांचे गॅरेज आहे, दोन गाड्या जेमतेम उभ्या राहतील एवढे. पोरवयात कुर्ल्याच्या एका उस्तादाच्या हाताखाली त्यांनी पद्मिनी टॅक्सींवर काम शिकायला सुरुवात केली. आधी नुसते पाने देणे, मग प्लग साफ करणे, मग ब्रेक, आणि कितीतरी वर्षांनी इंजिनाला हात. गणपतीला आणि शिमग्याला गॅरेज बंद म्हणजे बंद. तेवढ्या दिवसांत काही झाले तर गाडी जिथे आहे तिथे उभी राहील, हे त्यांच्या सगळ्या गिऱ्हाइकांना पाठ आहे. मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले ते २६ जुलैनंतरच्या ऑगस्टमध्ये. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला त्या २००५ सालच्या दिवशी माझी गाडी सुदैवाने मुलुंडला उंचावर होती, पण नंतरच्या पाणथळ रस्त्यांनी तिचे ब्रेक धरले होते. काकांच्या गल्लीत तेव्हा बुडालेल्या गाड्यांची रांग लागली होती. त्यांनी मला त्यातली एक उघडून दाखवली: पाण्यातून काढल्याबरोबर मालकाने किल्ली फिरवली होती, सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी हवेसारखे दाबले जात नाही, त्यामुळे पिस्टन वर येताना अडला आणि पोलादी कनेक्टिंग रॉड वाकला. ‘ताई, बुडालेली गाडी वाचते,’ ते म्हणाले होते, ‘पण किल्लीला हात लावायचा नाही. आधी ओढून आणायची, प्लग काढायचे, पाणी बाहेर.’ तेव्हापासून पाऊस वाढला की मी त्यांचे हे वाक्य घरातल्या सगळ्यांना ऐकवते.

त्यांचे काम पाहत उभे राहणे ही माझ्यासाठी मोठी मौज असते. इंजिनातून बारीक किरकिर येऊ लागली होती, तेव्हाचे सांगते. ती थंड असताना यायची आणि दहा मिनिटांत नाहीशी व्हायची. काकांनी एक हातभर लांबीचा स्क्रूड्रायव्हर घेतला, त्याची लाकडी मूठ कानाच्या पाळीमागच्या हाडाला टेकवली आणि पोलादी टोक चालू इंजिनावर एका जागी ठेवले. डोळे मिटले. मग टोक बोटभर सरकवले, पुन्हा थांबले. अल्टरनेटर, पाण्याचा पंप, बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर, असे करत ते परत मागे आले आणि टेन्शनरवर थांबले. मला जवळ बोलावून त्यांनी ती मूठ माझ्या कानामागे धरली. सुरुवातीला नुसता गोंगाट होता. मग त्या गोंगाटाखाली, वाळूचा कण जात्यात सापडावा तसा, एक कोरडा खरखर असा सूर ऐकू आला. बेअरिंगमधले ग्रीस आटले होते. हे वेळेवर कळले नसते तर बेअरिंग जाम झाले असते, टायमिंग बेल्ट तुटला असता, आणि अशा इंजिनात बेल्ट तुटला तर पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर जाऊन आदळतात. मग दुरुस्ती उरत नाही, नवे इंजिन शोधावे लागते आणि ते आता कुठेच नाही. ही सगळी आपत्ती एका साठी ओलांडलेल्या माणसाच्या कानाच्या हाडाने टाळली. असे ज्ञान कुठल्याही पुस्तिकेत सापडत नाही, कारण पुस्तिकेत बेल्ट कधी बदलायचा हे लिहिलेले असते, आटलेले ग्रीस कसे बोलते हे लिहिता येत नाही.

अशी माणसे कमी होत जातात तेव्हा काय होते, ते या शहराने पद्मिनीच्या बाबतीत पाहिले आहे. शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदवली गेली आणि मुंबईतल्या टॅक्सीसाठी असलेली वीस वर्षांची मुदत भरल्यावर, ३० ऑक्टोबर २०२३ पासून, तिला रस्त्यावर यायची मुभा उरली नाही. त्या आठवड्यात लोकांनी भरभरून लिहिले, जुने फोटो लावले, गहिवरले. मलाही भरून आले. पण काकांनी त्या दिवशी जे सांगितले ते कुठे छापून आलेले मी पाहिले नाही. ते म्हणाले, की पद्मिनी इतकी वर्षे टिकली ती तिच्या पोलादामुळे नव्हे. हजारो टॅक्सी रोज रस्त्यावर असल्यामुळे गल्लोगल्ली तिचा कार्बोरेटर डोळे मिटून खोलणारा माणूस होता, तिचे बुश कातणारा लेथवाला होता, तिची मडगार्डे ठोकून सरळ करणारा पत्रेवाला होता. टॅक्सी थोड्या झाल्या तसे हे लोक दुसऱ्या कामाला लागले किंवा गावाला गेले. ज्या थोड्या लोकांनी घरची पद्मिनी हौसेने ठेवली आहे, त्यांना आज एकेका कामासाठी माणूस शोधत फिरावे लागते. पॅलिओच्या नशिबी तर टॅक्सीसुद्धा नव्हती. ती मुळात थोडी विकली गेली, पुढे फियाटच्या नावाने नवी गाडी विकली जाणेही आपल्याकडे थांबले, आणि तिला ओळखणारे हात सुरुवातीपासूनच मोजके राहिले.

कायद्याचे म्हणाल तर कायदा तिला अजून नको म्हणत नाही. दिल्लीत तिच्यासारख्या पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर जी कुऱ्हाड आहे ती इथे नाही. पंधरा वर्षे झाली तेव्हा, २०१७ साली, तपासणी करून, पर्यावरण कर भरून मी नोंदणी वाढवून घेतली, मग २०२२ साली पुन्हा. आता पुढची पाळी २०२७ ला. वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी नोंदणी वाढवण्याचे शुल्क ऑगस्ट २०२५ पासून दहा हजार रुपये झाले आहे आणि नवी सुरक्षा नंबरपाटीही लावून झाली आहे. हे पैसे मी कुरकुर न करता भरते, कारण त्यामागचे म्हणणे मला पटते. हिवाळ्यात सकाळी माझ्या खिडकीतून येऊरचे डोंगर दिसेनासे होतात, ते धुरके कुणाचे आहे याचा हिशेब मांडताना माझ्या गाडीचे नाव त्यातून वगळता येत नाही. ती धुराच्या ‘भारत स्टेज दोन’ या जुन्या, सैल निकषाच्या काळातली आहे. पीयूसी दर वेळी नीट निघते, तरी आजच्या मापाने ती मळकट श्वास सोडते. म्हणून कामाला मी लोकलने जाते आणि गाडी आठवड्यातून एखाद-दुसऱ्या दिवशी निघते. नवी गाडी बनवायला लागणारे पोलाद, वीज आणि रबर यांचाही हिशेब असतो, असे मी मनाला सांगते. ते खोटे नाही, पण त्याने येऊरचे डोंगर दिसू लागत नाहीत, हेही मला कळते. या दोन गोष्टी माझ्यात शेजारी शेजारी राहतात आणि त्यांचे अजून जमलेले नाही.

इंधनाचेही असेच. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. इथेनॉल हवेतली ओल शोषून घेते, जुन्या रबरी नळ्या आणि सील त्याने फुगतात किंवा तडकतात, आणि त्यात पेट्रोलपेक्षा ताकद कमी असल्याने गाडी थोडी जास्त पिते. काकांनी टाकीपासून इंजिनापर्यंतच्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या जातीच्या घातल्या, फिल्टर बदलले आणि गाडी अर्ध्या टाकीवर महिनाभर उभी ठेवायची नाही अशी ताकीद दिली. माझे आजोळ कऱ्हाडकडचे, तिथे भावंडांचा ऊस आहे. कारखान्याला इथेनॉलचे पैसे वेळेवर आले तर उसाचे बिल वेळेवर निघते, हे मी त्यांच्या ओसरीवर बसून ऐकले आहे. तेव्हा त्यांच्या उसाने माझ्या गाडीचे रबर खाल्ले, याची तक्रार कुणाकडे आणि कोणत्या तोंडाने करणार?

कुर्ल्याहून आल्यानंतर मी एक वही घातली. दोनशे पानी, पुठ्ठ्याची. काकांकडे जाताना ती पिशवीत असते आणि त्यांचे हात चालू असताना मी विचारत जाते, लिहीत जाते. पहिल्यांदा ते संकोचले. हे काय लिहायचे, हे तर सगळ्यांना येते, म्हणाले. हळूहळू त्यांनाच गोडी लागली आणि आता मी नसताना आठवलेले काही ते पुठ्ठ्याच्या तुकड्यावर खुणेने मांडून ठेवतात. वहीत असले काय काय आहे: फियाटच्याच सिएना, पेट्रा आणि पॅलिओ या गाड्यांचे बरेचसे सामान सख्ख्या भावंडांचे आहे, तेव्हा दुकानात नुसते पॅलिओ म्हणून विचारू नये, तिन्ही नावे घ्यावीत. बेअरिंग कंपनीच्या नावाने शोधायचे नसते; त्याच्या कड्यावर कोरलेला क्रमांक उतरवून नागदेवी स्ट्रीटला न्यायचा, त्या मापाचे बेअरिंग जगात कुणीही बनवलेले चालते. ऑइल सीलवर तीन आकडे असतात, आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी. ते तीन जुळले की सील जुळले. लोअर आर्मचा बुश मिळाला नाही तर जुना फेकायचा नाही, त्याचे बाहेरचे पोलादी कडे लेथवाल्याला नमुना म्हणून लागते. ऑपेरा हाऊसला कोणत्या गल्लीत अजून जुन्या मालाची खोकी न उघडलेली आहेत. काच, पत्रा, प्लॅस्टिक, धातू मिळेल तेव्हा घेऊन ठेवावे; रबर मात्र कधीही साठवू नये. टायमिंग बेल्ट न वापरताही म्हातारा होतो, त्यामुळे तो बसवायच्या वेळीच घ्यायचा आणि घेताना पाठीवरची तारीख पाहायची. बोनेट उघडल्यावर गोडसर वास आला तर कूलंट गळते आहे, करपट गोड वास आला तर ते गरम भागावर पडते आहे. या शेवटच्या वाक्यापुढे काकांनी स्वतःच्या हाताने, मोठ्या अक्षरांत ‘नाक’ असे लिहिले आहे.

वही चांगली आहे, पण वही गाडी दुरुस्त करत नाही. आणि काकांचे गुडघे आता खड्ड्यात उतरू देत नाहीत. पुढच्या एक-दोन वर्षांत कणकवलीला कायमचे जायचे त्यांच्या मनात आहे; तिथे घराची कौले काढून स्लॅब घातला आहे, काजूची कलमे लावली आहेत. गॅरेज त्यांचा भाचा चालवणार. हा मुलगा आयटीआय केलेला, पंचविशीतला, हाताने स्वच्छ आणि स्वभावाने अबोल. गाडी आली की तो आधी स्कॅनर जोडतो आणि पडद्यावर येईल तो कोड वाचतो, आणि बहुतेक गाड्यांचे त्यावर भागतेही. माझ्या गाडीचे भागत नाही. त्याच्या स्कॅनरशी ती फारसे बोलतच नाही. पहिल्यांदा तो तिच्यापुढे कंबरेवर हात ठेवून नुसता उभा होता, तेव्हा कुर्ल्याच्या मालकांचे शब्द मला पुन्हा ऐकू आले. मी काकांना एक गोष्ट सुचवली. गाडीचे छोटे काम असले तरी ते भाच्याकडे द्यावे, वेळ दुप्पट लागला तरी मी मजुरी त्या वेळेची देईन, आणि काकांनी स्टुलावर बसून राहावे. काका म्हणाले, ‘ताई, तुमच्या गाडीवर शिकवू?’ मी म्हटले, की दुसरी पॅलिओ या गल्लीत आहे कुठे?

तेव्हापासून हे चालले आहे. पोराने आधी प्लग केले, मग पुढचे ब्रेक पॅड. दिवाळीच्या सुमारास त्याने टॅपेट कव्हर उघडून गॅस्केट बदलले. बोल्ट आवळताना तो कोपऱ्यापासून सुरुवात करणार होता. काकांनी जिभेने नुसता ‘च्’ असा आवाज केला, त्याने हात मागे घेतला, क्षणभर विचार केला आणि मधल्या बोल्टपासून बाहेरच्या बाजूला, एकाआड एक, थोडे थोडे आवळत गेला. गाडी सुरू केली, दहा मिनिटे चालवली, तेलाचा एक थेंब आला नाही. मग त्याने न सांगता भिंतीवरचा तो लांब स्क्रूड्रायव्हर काढला आणि मूठ कानामागे धरून बराच वेळ टेन्शनरपाशी वाकून राहिला. काय ऐकू आले, असे मी विचारले. ‘आता तरी ठीक आहे मॅडम,’ तो म्हणाला, आणि जरा थांबून, ‘पण पाण्याच्या पंपात काहीतरी आहे.’ काका स्टुलावरून उठून आले, त्यांनी ऐकले आणि पंप बेल्टबरोबरच बदलू, म्हणून सांगितले.

पंप कुर्ल्याला मिळाला नाही, ऑपेरा हाऊसला मिळाला. बेल्ट आणि टेन्शनर नवे आले आहेत, तारखा पाहून घेतले आहेत. काका शिमग्याहून परतले की त्यानंतरच्या मंगळवारी, गॅरेजात दुसरे काम न घेता, हे तीनही भाच्याने स्वतः बसवायचे ठरले आहे. वही मी घेऊन जाणार आहे, आणि या वेळी लिहिण्याचे काम त्याने माझ्याकडून मागून घेतले आहे.